जाड तारांचा सांडू

लासूर स्टेशनच्या सांडू तुपेला गिटार कुणी शिकवली नव्हती. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. रेडिओवरची गाणी ऐकून ऐकून त्यानं सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच बोटांत बसवली. पुढं गयासच्या ऑर्केस्ट्रात त्याला जागा मिळाली आणि लग्नसराईत, उरुसात, गणपतीत सांडूची गिटार गंगापूरपासून जालन्यापर्यंत वाजायला लागली. पुंडलिकनगरात त्याचं घर विचारलं तर पोरंसोरंही दाखवायची, "गिटारवाले ना? ते बघा, पिठाच्या चक्कीवर राहतात."

नव्वद सालानंतर मात्र काहीतरी बिनसलं. सांडूची गिटार उतरलेली असायची आणि ते त्याला कळायचं नाही. बारीक तारा तो पिळत राही, सूर मात्र जागेवर येत नसे. गायिका हसीना गाता गाता वळून बघायची. गयासनं दोन-चार कार्यक्रम सांभाळून घेतलं आणि शेवटी एक दिवस चहाच्या टपरीवर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांडू, बुरा मत मान भाई. जालन्याहून एक गिटारवाला बोलावलाय. तू साऊंडवर बस. पार्टी छोडके जानेका नक्को."

सांडू साऊंडवर बसला. बटणं फिरवायला काही अक्कल लागत नव्हती, पण त्याला घरी जेवण जाईना.

खरं काय ते शोधून काढलं त्याच्या बायकोनं, चतुरानं. एका रविवारी ती पलीकडच्या बाईकडं बसली होती. परत आली तर कुकरची डाळ करपून घर धुरानं भरलेलं, आणि सांडू कुकरपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला.

"शिट्ट्या मोजा म्हणून सांगून गेले होते ना?"

"शिट्टी झालीच नाय."

चतुरानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग ती त्याच्या पाठीमागं गेली आणि तिनं हातातल्या बांगड्या वाजवल्या. सांडूची मान हलली नाही. तेवढ्यात खाली चक्की सुरू झाली.

"खाली कुणाचं दळण आलं गं या टायमाला?" सांडू म्हणाला.

डॉक्टरनं नंतर तेच सांगितलं. इतकी वर्षं प्रेसच्या दणक्यात काम केल्यानं बारीक आवाजाचा कान गेला होता. तो काही परत येणार नव्हता. जाड आवाजाचा कान मात्र शाबूत होता. कारखान्यात त्यानं पुढं अर्ज करून प्रेसवरून स्टोअरला बदली घेतली. त्या दिवशी दवाखान्यातून निघून दोघं पायीच घराकडं चालले होते. क्रांती चौकात एक ट्रक घुरघुरत उभा होता, त्याच्याजवळ सांडू एकदम थांबला.

"चतुरा, जाड तारांची पण गिटार असती. बेस म्हणतात. आपल्या पार्टीत कुणीच वाजवत नाय."

"मग चला की," चतुरा म्हणाली. "घरी जाऊन तरी काय करायचंय?"

गुलमंडीच्या मागं काकासाहेबांचं वाद्यांचं दुकान होतं. हार्मोनियम, तबले, बँडवाल्यांची पितळी वाद्यं, आणि कोपऱ्यात दोन बेस. एक लाल, हलका, आखूड आणि बारीक गळ्याचा. दुसरा तपकिरी, लांब, उचलला तर खांदा खाली ओढणारा.

"गिटारवाल्यांनी लालच घ्यावा," काकासाहेब म्हणाले. "हात लगेच बसतो. तपकिरी बघायला येतात सगळे, नेत कुणी नाही."

सांडूनं लाल हातात घेतला आणि बोटं आपसूक पळायला लागली. जुनी घरचीच वाट असल्यासारखं वाटलं. काकासाहेब आवाज मोठा करायचं मशीन जोडायला निघाले तर तो म्हणाला, "नको. बिनामशीनचंच बघतो." त्यानं बेसच्या वरच्या लाकडी शिंगावर हनुवटी टेकवली आणि सगळ्यात जाड तार छेडली. जबड्यात एक गुणगुण उठली अन् लगेच विझली.

मग तपकिरी. तार छेडली आणि आवाज जबड्यातून गळ्याच्या हाडात उतरला, तिथून छातीत गेला आणि थांबून राहिला. सांडूनं डोळे मिटले. दांडीवर एकेक घर वर सरकत त्यानं चारी तारा बघितल्या. कुठंच सूर मरत नव्हता. कितीतरी दिवसांनी त्याला आपण वाजवलेलं आपल्यालाच ऐकू आलं होतं. पण बोटं फाकवून फाकवून करंगळी भरून आली.

"आवाज हाच," तो बायकोला म्हणाला. "पण हात पोचंना. लाल सोपा जाईल."

"हाताला सवय लावता येती," चतुरा म्हणाली. "कानाला कुठून लावणार?"

तपकिरी बेस घरी आला. मशीन नव्हतं, म्हणून सांडू तो लोखंडी कपाटाला टेकवून वाजवायचा, म्हणजे सगळं कपाट घुमायचं. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. पण खरी अडचण वेगळीच होती. गिटारवाल्याची खोड जात नव्हती. दोन सुरांत मोकळी जागा दिसली की तो भरून टाकायचा. चतुरा पलीकडं भाकरी थापत असायची. एक दिवस ती थांबली.

"तुमचं मधलं मधलं लई व्हायलंय. मला थापायला ताल सापडंना."

सांडूनं अर्धे सूर काढून टाकले. भाकरी थापली जायला लागली. त्यानं आणखी थोडे काढले. मग चतुरा गुणगुणायला लागली, तेव्हा त्याला समजलं की आता बसलं.

गयासला हे पटणं अवघड होतं. "बेस मेरा बायाँ हाथ बजाता है ना," तो म्हणायचा. कीबोर्डवर उजव्या हातानं धून आणि डाव्या हातानं खालचे सूर, असंच तो वर्षानुवर्षं करत आला होता. शेवटी लासूर स्टेशनच्या बाजारपटांगणावरच्या कार्यक्रमात तो तयार झाला. "तेरा गाँव है. एक गाना."

संध्याकाळची वेळ, पटांगण भरलेलं. मोंढ्यातले हमाल, व्यापारी, बायका-पोरं, सगळे बसलेले. हसीनानं ठेक्याचं गाणं उचललं. सांडू मागं ड्रमजवळ उभा राहिला आणि त्यानं पहिला सूर सोडला. फक्त एक. मग जागा. मग दुसरा.

स्टेजच्या फळ्या पायाखाली थरथरल्या. ड्रमवाल्यानं चमकून बघितलं आणि त्याच्या काठ्या आपोआप त्या सुराला येऊन चिकटल्या. हसीनाचा आवाज एरवी दुसऱ्या कडव्यात जरा घाईला यायचा, तो आज ऐटीत चालायला लागला. पुढच्या रांगेतला एक हमाल छातीवर हात ठेवून शेजाऱ्याला ओरडला, "आरं, पोटात वाजायलंय!" आणि उठून नाचायलाच लागला. त्याच्यामागं अख्खी रांग उठली.

गयास वाकून वाजवत होता. त्यानं मान वर केली, सांडूकडं बघितलं, आणि डावा हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला. गाणं संपेपर्यंत तो हात तिथंच होता.

टाळ्या थांबेनात. गयास कीबोर्ड सोडून मागं आला आणि सांडूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "अगला गाना तू शुरू कर!"

"कोणत्या पट्टीत?"

"तू बोल. हम आते पीछे."

सांडूनं जाड तार छेडली आणि सगळी पार्टी त्याच्यामागून गाण्यात शिरली. बायकांच्या घोळक्यात चतुरा उभी होती. शेजारणीला कोपरानं ढोसून ती म्हणाली, "आमचे आहेत ते. मागचे. उंचसे."

त्या दिवसानंतर साऊंडवर दुसरा माणूस ठेवावा लागला. हसीनानं सांडूला ड्रमजवळून काढून आपल्या बाजूला उभं केलं. तिला सूर तिथूनच हवा असायचा. जालन्याचा गिटारवाला आणि तो जोडीनं वाजवायला लागले. गंगापूरच्या बाजारात बेस हा शब्द कुणाला माहीत नव्हता. म्हणून तिथले लोक कार्यक्रमाची सुपारी द्यायला आले की गयासला बजावून सांगायचे, "बाकी कुणी पण आणा, पण ते पोटात वाजवणारे तुपे पाहिजेतच."