रंग उडालेले रुमाल

विद्यापीठाच्या अभिलेखागाराचा प्रमुख होण्यासाठी माझ्यापाशी एकच पात्रता होती. प्रमुख ठरवायच्या बैठकीला मी उशिरा पोचलो. ज्यांना ते पद नको होतं ते सगळे वेळेवर आले होते. मी इतिहास शिकवतो, म्हणजे मला जुने कागद आवडतच असणार, असं माझ्या गैरहजेरीत एकमतानं ठरून गेलं होतं. दोन दिवस मीही खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी खोली पाहिली.

खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून. खिडक्यांना पडदे नाहीत. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना पश्चिमेची खिडकी म्हणजे सूर्यास्ताची सोय वाटेल. इथे ती भट्टीचं दार असते. आत जुने निकाल, नोंदवह्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या बंद पडलेल्या महाविद्यालयांची दप्तरं, वाळवी, आणि ही सगळी दप्तरं सांभाळणाऱ्या एक बाई. बाईंची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सर, तुमी किती दिवस राहणार इथी?"

"का हो?"

"नाई, मागचे दोन साहेब धुळीनं गेले. बदली करून गेले जी, मरून नाई."

मी कामाला लागलो. म्हणजे मी एक मागणीपत्र लिहिलं. कार्यालयात कागद बांधायच्या मोठ्या चौकोनी कापडाला रुमाल म्हणतात. आमच्यापुरता नियम मी सोपा केला: कायम जपायचं ते लाल रुमालात, मुदत संपल्यावर नष्ट करायचं ते पांढऱ्या. खरेदी विभागाला मी लिहिलं, 'लाल रुमाल व पांढरे रुमाल, प्रत्येकी दोनशे, उत्तम प्रतीचे.' महिन्याभरानं खोके आले. उघडले तर आत खिशातले रुमाल. नाक पुसायचे. पांढरे साधे होते. लाल रुमालांच्या एका कोपऱ्यात पिवळं फूल भरलेलं होतं. प्रत उत्तम होती, तक्रारीला जागा नव्हती.

परत पाठवायचे तर चूक कोणाची ते लिहावं लागलं असतं, आणि मागणीपत्रावर सही माझी होती. म्हणून मी युक्ती काढली. गठ्ठे सुतळीनंच बांधायचे आणि प्रत्येकाच्या गाठीला एकेक रुमाल अडकवायचा. या प्रकाराला मी 'रंगसंकेत पद्धत' असं नाव दिलं आणि एका चर्चासत्रात त्यावर वीस मिनिटं बोललोही. लोकांनी लिहून घेतलं. बाईंचं मत वेगळं होतं. "लग्नाच्या वरातीवानी दिसून राह्यलं सगळं," त्या म्हणाल्या. "फक्त नवरदेव तेवढा नाई."

त्या हिवाळ्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावाहून एक भाऊ आले. तळ्यावर मासेमारी करणारे, इस्त्रीचा सदरा घालून आलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांची मुलगी बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि राखीव जागेसाठी जात पडताळणीचा दाखला लागणार होता. त्याला मुलीच्या आजोबांच्या, म्हणजे भाऊंच्या वडिलांच्या, काळचा लेखी पुरावा हवा. गावच्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांच्या नावापुढे जातीचा रकाना कोरा. पण आजोबा एक वर्ष महाविद्यालयात शिकले होते. ते महाविद्यालय कधीच बंद पडलं होतं आणि त्याची दप्तरं आमच्याकडे होती.

बाईंनी तासाभरात खिडकीशेजारच्या मांडणीतून नोंदवही काढली. पान सापडलं. नाव, गाव, जात ढिवर, आणि शेवटी सही. भाऊ चष्मा विसरून आले होते, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी सहीवर बोट ठेवलं आणि ते काही वेळ उचललंच नाही.

"त्यांच्या हाताला कंप होता का हो?" मी विचारलं. सही थोडी थरथरलेली होती.

"नाई जी. पेन नवा असन."

मग ते म्हणाले, "याची एक झेरॉक्स अन् तुमचा शिक्का, देऊन देता का?"

झेरॉक्सचं मशीन खालच्या मजल्यावर होतं, चालू होतं, आणि त्या दिवशी त्यात शाईही होती. हे मला आता सगळं आठवतं. पण मी नुकताच एक अर्जाचा नमुना तयार केला होता, स्वतःच्या हातानं रकाने आखून, आणि तो अजून कोणी वापरला नव्हता. त्याला मुलीच्या कॉलेजचं पत्र जोडायची अट होती. मी तो त्यांना दिला. वर ऐटीत म्हणालो, "घाई काय, भाऊ? हा लाल रुमाल बघा. लाल म्हणजे कायम. तुम्ही जाल, मी जाईन, हे पान कुठे जात नाही."

ते हसले. "बरं जी. पुढच्या खेपेले चष्मा आणतो. बापाची सही सोताच्या डोळ्यानं पाहीन."

मग उन्हाळा लागला, आणि विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार असं कळलं. वरून सांगणं आलं की अभिलेखागार मोकळं दिसलं पाहिजे. मोकळं करायचा मार्ग एकच, मुदत संपलेले कागद नष्ट करायचे. प्रत्येक गठ्ठा सोडून, आत पाहून यादी करावी, असा नियम आहे. खोलीत उभं राहवत नव्हतं. मी दारात उभा राहून, कपाळाचा घाम पुसत, रुमालांच्या रंगावरून यादी केली. माझी पद्धत त्यासाठीच तर होती.

खिडकीशेजारच्या मांडणीपाशी बाई थांबल्या. गाठीचा रुमाल दोन बोटांत धरून म्हणाल्या, "सर, हा पांढरा नाई. उडालेला लाल हाये."

"लालाचा गुलाबी होतो बाई, पांढरा होत नाही."

"आमच्या लुगड्याचा होते जी."

"लुगड्याचा नियम वेगळा, विद्यापीठाचा वेगळा," मी म्हणालो. स्वतःच्याच विनोदावर मी हसलो. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी गठ्ठा खाली काढून ठेवला. साहेबानं सांगितल्यावर ठेवावाच लागतो. मी सही केली. रुमाल पुन्हा वापरायला म्हणून सोडून घेतले, एवढी काटकसर मात्र मी विसरलो नाही. कागद ट्रकमध्ये चढले आणि जंगलातला बांबू जातो त्याच रस्त्यानं कागद कारखान्यात लगदा व्हायला गेले. समितीला खोली फार आवडली. सावलीकडच्या मांडणीपुढे, जिथले रुमाल अजून लालभडक होते, माझा फोटो काढला गेला.

बारावीचा निकाल लागला, मुलीला नर्सिंगला जागा मिळाली, आणि भाऊ पुन्हा आले. कॉलेजात दाखला सादर करायला आठवडा उरला होता. माझा नमुना अर्ज त्यांनी इतका नीट भरला होता की मला लाज वाटावी. ते खुर्चीवर बसले, खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाट पाहू लागले.

बाई मांडणीकडे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या हात रिकामे घेऊन. माझ्या टेबलाचा खालचा खण ओढला, त्यातला पांढऱ्या रुमालांचा ढीग वर घेतला आणि एकेक उलगडून माझ्यासमोर ठेवू लागल्या. साधा, साधा, साधा. मग एक, कोपऱ्यात पिवळं फूल असलेला. मग अजून एक. फुलांचे अकरा रुमाल निघाले. रंगही न ओळखणारं पोर ती फुलं बघून सांगू शकलं असतं की हे मूळचे लाल.

"काय झालं जी?" भाऊंनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, रुमाल, खिडकी, ट्रक. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच मी वाट पाहत होतो बहुतेक. ते एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी म्हटलं होतं ना जी, झेरॉक्सचं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत पडताळणीच्या कार्यालयात गेलो. पान मी स्वतः पाहिलं आहे, असं लिहून द्यायला तयार आहे, म्हणालो. तिथले अधिकारी सज्जन होते. पाणी दिलं. म्हणाले, "सर, तुम्ही पाहिलं असणार. पण मी तुमचा डोळा फाईलला जोडू कसा?" त्यांनी सुचवलं की नोंद मिळत नसल्याचं पत्र आमच्याकडून आणावं, त्यावर मुदत वाढवून मागता येईल.

म्हणून त्या मोकळ्या, कौतुक झालेल्या खोलीत बसून मी ते पत्र लिहिलं. माझ्या चुकीनं नष्ट झालं, असं वाक्य मी घातलं होतं. वरच्या सहीसाठी गेलं तेव्हा ते खोडून 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच ठेवलं गेलं. मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकं माझं तोंड उरलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं.

पत्र हातात घेऊन भाऊंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत सावकाश वाचलं. मग बोट विषयाच्या ओळीवर थांबलं.

"सर, इथी तुमी 'धीवर' लिहिलं. आमच्यात 'ढ' हाये जी. ढिवर. कागदावर एका अक्षरानं मानूस दुसरा होते."

मी ते पान शिकवणाऱ्याच्या थाटात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि त्यावरचा एक शब्दसुद्धा मला नीट ठेवता आला नव्हता. पत्र पुन्हा छापलं. त्यांनी ते घडी करून पिशवीत ठेवलं. जाताना बाईंना म्हणाले, "येतो बाई." मला काही म्हणाले नाहीत.

मुदत वाढली नाही. जागा गेली.

यंदा पहिल्या वर्षाचे नोंदणी अर्ज आमच्याकडे आले तेव्हा त्यांत एक अर्ज त्या मुलीचा निघाला. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. जातीच्या रकान्यात तिनं ढिवर लिहिलं आहे; ढ ठळक, दोनदा गिरवलेला. वैधता दाखला या रकान्यात 'नाही'. मी उठलो, खाली गेलो, तिच्या अर्जाच्या तीन झेरॉक्स काढल्या, तिन्हीवर शिक्का मारला, सही केली.

"कोणी मागतल्या?" बाईंनी विचारलं.

कोणीच मागितल्या नव्हत्या. खणात आहेत, फुलांच्या रुमालांखाली.