अण्णा आणि आमच्या घराचं रक्त

लग्नकार्यात कुणी पोर नमस्काराला वाकलं की अण्णा आशीर्वादाआधी त्याला खिडकीशी नेत. "इल्ली बा, उजेडात ये," म्हणत आणि पापण्यांवर कुठे पिवळट डाग आहे का ते निरखत. मग टाचेमागची शीर चाचपत. अण्णा येताना दिसले की आमची तरुण मंडळी मागच्या दाराने पसार होत.

अण्णा माझे थोरले काका. हुबळीत दुर्गदबैलला त्यांचं कापडाचं दुकान होतं. आम्ही धारवाडला मळमड्डीत राहायचो, बाबा शाळामास्तर. बाबांच्या टाचेमागे गाठ होती, आम्ही ती चपलेचा घट्टा समजायचो. ते बेतानं जेवायचे, सायकलने शाळेत जायचे. चाळिशीही गाठली नव्हती, आणि एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता कोसळले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर अण्णा आईसमोर येऊन बसले. "सुमन, मला माहीत होतं. माझ्या छातीत कळ आली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हे कोलेस्टेरॉल खाण्यापिण्याचं नाही, घराण्यातून आलंय. भावाचंही रक्त तपासा. पण माझ्या लेकीचं, शशीचं लग्न ठरत होतं. सोयऱ्यांना कळलं तर मोडेल म्हणून गप्प बसलो."

आई उठून आत गेली. त्यानंतर अण्णा आले की चहा माझ्या हाती बाहेर यायचा, ती यायची नाही.

अण्णांनी येणं सोडलं नाही. पोरांच्या पापण्या नि टाचा तपासायचं त्यांचं वेडही तेव्हापासूनचं; तसे डाग, तशी बाबांसारखी गाठ ही याच कोलेस्टेरॉलची खूण. मला हाताला धरून रक्त तपासायला नेलं. जे नको होतं तेच निघालं आणि मला गोळी सुरू झाली. पुढे मी कॉलेजजवळ सप्तापूरला खोली घेऊन शिकत होते, तर तिथेही दाराशी हजर. "गोळी घेतलीस?"

एकदा मी वैतागले. "अण्णा, मला काही होत नाही."

"तुझा बापही हेच म्हणाला असता," ते म्हणाले. "मी त्याला म्हणू तरी कुठे दिलं?"

मग एकदा ते स्वतःच शशीच्या सासरी गेले आणि सगळं सांगून आले. व्याही म्हणाले, "तपासून घेऊ की, त्यात काय एवढं?" आमच्याकडे येऊन हे सांगताना अण्णांना धाप लागली होती. "एवढंच होतं गं. एवढंच."

माझ्या मुलीच्या रक्तातही ते निघालं, तेव्हा अण्णा अंथरुणाला खिळलेले होते. आई, मी आणि मुलगी, आम्ही तिघी त्यांना भेटायला गेलो. मुलीने सहज विचारलं, "अज्जा, हे मला कुणाकडून आलं?"

"माझ्याकडून," अण्णा लगेच म्हणाले.

"अण्णांकडून नाही गं," दारातून आई म्हणाली. "तुझ्या आजोबांकडून तुझ्या आईला आलं, तिच्याकडून तुला." मग ती आत आली आणि इतक्या वर्षांनी त्यांच्याशी बोलली, "अण्णा, या दोघींना वेळेवर कळलं, ते तुमच्यामुळे."

अण्णा डोळे मिटून नकारार्थी मान हलवत राहिले. आई उशाशी बसली, तरी ती मान थांबेना. महिन्याभरात ते गेले. आईचं म्हणणं त्यांना पटलं असावं, असं मला अजूनही वाटत नाही.