उन्हात मुरलेली सुरमई

आता माझी फजिती मीच सांगते बाई. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ जास्त पडायचं!

आमची सून तेजल रत्नागिरीची. लग्नाला दोन महिने झाले, पण पोरगी हसेल तर शपथ! मी रोज देवापुढं हात जोडायची, 'हिला हे घर आपलं वाटू दे.' आणि देवानं ऐकलं की हो! तिच्या माहेराहून बर्फात घालून सुरमई आली, थेट परभणीला.

तेजल म्हणाली, "आई, मला कच्चा मासा लिंबाच्या रसात घालून फार आवडतो. गॅसवर ठेवायचाच नाही, लिंबूच त्याला शिजवतं." एवढं बोलून ती बँकेत कामाला गेली.

म्हटलं, संध्याकाळी हिला चकितच करू! उद्या माझा गुरुवार, घरात मासा चालायचा नाही. म्हणजे जे काय ते आजच. किती वेळ ठेवायचं, फोन करून विचारावं का? छे! तीस वर्षं लिंबाचं लोणचं घालते मी. मला काय विचारायचंय?

वीस लिंबं पिळली. सुरमईचे तुकडे, मीठ, मिरची, सगळं बरणीत भरलं. तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि बरणी गच्चीवर ठेवली. भर मे महिन्याच्या उन्हात! ऊन दाखवल्याबिगर लिंबाचं काही मुरतं का? तुम्हीच सांगा!

दुपारी शेजारच्या सुमनवैनींनी त्यांच्या गच्चीवरून हाक मारली. "काय ओ, लोणचं घातलं का?"

"लिंबाचंच हाय!"

"मग भोवती सात मांजरं काहून बसलीत?"

"सावलीला आली असतील."

"उन्हात?"

चार वाजता आमचे हे नाकाला उपरणं लावून आले. "अगं, गल्लीत काही मेलंय का?"

"काही न्हाई. मुरायलंय."

संध्याकाळी तेजल आली. मी मोठ्या ऐटीत फडकं सोडलं. ती दोन पावलं मागं सरली.

"आई, हे कधी केलंत?"

"सकाळी नऊला. लय कडक ऊन लागलंय, काळजीच करू नको!"

"वीस मिनिटं, आई! तेही फ्रिजमध्ये!"

आणि ती मटकन खाली बसली. खांदे गदगदा हलायला लागले. माहेरची सुरमई नासवली, आता पोरगी रडणार! वाकून बघते तर काय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. तशीच फोन लावून ओरडली, "मम्मी, आमच्या आईंनी सुरमईचं लोणचं घातलं!"

सुरमई गेली केळीच्या बुडाशी खड्ड्यात. पण घर हसतं झालं. फक्त आता मी लिंबू चिरायला घेतलं, की सूनबाई आधी गच्चीच्या दाराला कुलूप घालते!