कापलेली कड

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. सहा वर्षं झाली — सांगायला तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी बोलते. लिहायची मला सवय नाही, चौथीनंतर शाळा सुटली. पण तुला सांगते. तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणूनच बहुतेक सांगता येतंय.

मी सिडकोत घरीच रेझिनचं काम करते. काचेसारखा स्वच्छ रस असतो, साच्यात फूल किंवा फोटो ठेवून वर ओतायचा. दुसऱ्या दिवशी दगडासारखा घट्ट होतो. कागदाचा फोटो असला तर आधी त्याला गोंदाचे दोन हात द्यायचे — पुढून, मागून, कडांनासुद्धा. पूर्ण वाळू द्यायचा. नाहीतर कागद रस पितो आणि भज्यांखालच्या कागदासारखा आरपार दिसायला लागतो. शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक बजावलं होतं — मूळ फोटो वापरायचा नाही, त्याची कॉपी काढून आणायची. हे सगळं मला येत होतं. येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मंदाताई आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळच्या देवळ्याकडच्या. त्यांची उषा बारा वर्षांची असताना काविळीने गेली. तिचा एकच फोटो होता — स्टुडिओत काढलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी, मागे वडिलांनी पेनाने लिहिलेलं नाव. ताई रोज तो पदराने पुसायच्या. झिजायला लागला तशा माझ्याकडे घेऊन आल्या. "शोभा, हिला काचेत ठेव बाई. माझ्यानं पुसल्याबिगर राहवत नाय."

कॉपी काढायला फोटोच्या दुकानात जावं लागलं असतं. परक्या माणसाशी बोलायला मी लाजते. पण त्या दिवशी लाज होती, की नुसता आळस? आळसच.

गोंद दिला, वाळवला. मग रसात घट्ट करायचं औषध कालवलं — ते एकदा कालवलं की रस घट्ट व्हायचा थांबत नाही — आणि बघते तर फोटो साच्यापेक्षा जरासा मोठा. मी कात्रीने एक कड कापली. त्या कडेला आता गोंद नव्हता. परत गोंद लावून वाळेपर्यंत कालवलेला रस वाया गेला असता. मला ती कोरी कड दिसली होती. दिसली होती, तरी ओतलं.

सकाळी बघितलं. कडेतून रस आत शिरला होता. अर्धा चेहरा काळपट, ओला, आणि गालावर मागचं नाव उलटं उमटलेलं. घट्ट झालेल्यातून कागद परत निघत नाही.

इथवरची चूक मी सांगू शकले असते, नाही का? चुका सगळ्यांच्याच होतात. मंदाताई आल्या. ठोकळा हातात घेतला, पदराने पुसून पाहिला. आणि मी म्हणाले —

"ताई, फोटो ओल्या हातानं धरत होता का? आत ओल मुरली होती बघा."

कुठून आलं ते माझ्या तोंडात? त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "व्हय गं," म्हणाल्या, "भांडी घासता घासता उठून पुसायची मी. माझ्याच हातानं गेली पोरगी दुसऱ्यांदा." वर मलाच म्हणाल्या, "तू नको वाईट वाटून घेऊ." मला! मी मान हलवली. त्यांना चहा करून दिला.

तेव्हापासून त्या हे सगळ्यांना सांगतात — माझ्यासमोर सांगतात, शोभानं तर लय जपलं होतं म्हणून. मी खाली बघते. बायकांना वाटतं, ही लाजाळूच आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं झालं. फोटो छापून आले, आम्ही गल्लीतल्या बायका बघायला जमलो; सुनेने सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे धरले. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाय धरणार बाई. माझ्या हाताला फोटो लाभत नाय." सून म्हणाली, "आई, काहीतरीच तुमचं!" बायका हसल्या. त्याही हसल्या. मग माझ्याकडे वळल्या, "शोभा, तू दाखव गं."

मी एकेक फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरत गेले. त्या मान पुढे करून बघत होत्या, हात पदरात गुंडाळलेले. एकदा नातीच्या गालाजवळ बोट आलं आणि तसंच परत गेलं.

सगळे फोटो दाखवून झाले. तेव्हाही मी काही बोलले नाही.