अक्काच्या भाकरीवर वाढलेला रोहू

गळाच्या महागड्या काठ्यांचं कौतुक मला सांगू नका. कमठाण्याच्या शाळेत मी नवा मास्तर होतो, तेव्हा माझ्याकडं बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि पाण्यावर तरंगायला कडब्याच्या काडीचा तुकडा एवढंच होतं. त्या काठीचे उपकार मी अजून विसरलो नाही.

रोहू धरायचा तर आधी त्याला जागेची सवय लावावी लागते. म्हणून शाळा सुटली की मी तळ्याकाठच्या एकाच दगडाजवळ मूठभर पेंड टाकायचो. त्या दगडावर धुणं धुणाऱ्या अक्काला वाटलं, मास्तर पुण्य करायलाय. तीही शिळी भाकरी कुस्करून टाकू लागली. मी तिला अडवलं नाही. फुकटचा चारा कोण नको म्हणेल?

पाचव्या दिवशी मी गळ टाकला आणि हातभर रोहू बाहेर ओढला. अक्का धुणं सोडून उभी राहिली.

"कामून मास्तर, पोसून मारायलाव व्हय?"

मला मान वर करवेना. मी मासा परत पाण्यात सोडायला वाकलो, तशी ती ओरडली, "सोडायलाव कामून? माझ्या भाकरीवर वाढलाय त्यो. आणा हिकडं!"

मासा घेऊन ती गेली आणि संध्याकाळी तिनं मला जेवायला बोलावलं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. माझं खाणं बघून ती पुन्हा भडकली.

"एवढी भूक व्हती, तर माझी भाकरी पाण्यात कामून टाकू दिली?"

माझी बदली होईपर्यंत मग तिच्या तव्यावर रोज एक भाकरी जास्तीची पडत राहिली.