ओलेगचं 'चालेल'

ओलेगचे किस्से कधी मुद्दाम आठवावे लागले नाहीत. तळोज्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत एक निघाला की मागोमाग तीन येतात.

सोव्हिएत देश मोडला, त्यानंतर युक्रेनचा हा इंजिनिअर बायकोबरोबर कळंबोलीत आला. बायको मूळची साताऱ्याची, युक्रेनमध्ये शिकलेली डॉक्टर. याची पदवी मात्र इथे कुणाला वाचताच येईना! आमच्या मालकांनी, पवारसाहेबांनी, त्याला सहा महिने फिटर म्हणून घेतलं, पुढचं पुढे बघू म्हणाले. तिकडे त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती, हे आम्हाला त्याच्या बायकोकडून कळलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

*

पहिल्या दिवशी मी विचारलं, "चहा बिनसाखरेचा चालेल?" त्यानं खिशातली वही काढली. बायकोनं लिहून दिलं होतं : चालणे म्हणजे पायांनी जाणे, यंत्र सुरू असणे. तो ग्लासाकडे बघत बसला. चहा गार झाला.

*

अर्थ कळल्यावर तर बिचाऱ्याचं टेन्शन वाढलं. आम्ही झिजलेल्या बोल्टलाही 'चालेल' म्हणायचो, फाटक्या गॅस्केटलाही. तो पाना खाली ठेवून विचारायचा, "किती दिवस चालेल?"



*

एका संध्याकाळी मी 'येतो' म्हणून घरी निघालो. हा अर्धा तास गेटवर माझी वाट बघत उभा! सकाळी शांतपणे म्हणाला, "तू नाही आला."

*

सहावा महिना संपत आला होता. दुरुस्त केलेला मोठा कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाकडे निघायचा होता. साहेबांनी तो सुरू करून दाखवला, आम्ही सगळे म्हणालो, चालेल.

ओलेगनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"चालेल नाही."

साहेब भडकले. नोकरी जाईल हे त्यालाही कळत होतं, तरी तो यंत्रासमोरून हलला नाही. शेवटी खोललं. आतल्या बेअरिंगला केसाएवढी चीर!

बावीस वर्षं हत्यारं धरून मला जे कधी ऐकू आलं नाही, ते या माणसाला ऐकू येत होतं.

*

सोमवारी पवारसाहेब स्वतः त्याच्या टेबलाशी आले. हातात टाइप केलेला कागद.

"ओलेगसाहेब, आजपासून तुम्ही इंजिनिअर. चालेल?"

ओलेगनं कागद टेबलावर नीट पसरला. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"चालेल."