लोखंडाच्या पोटातली भोकं

चार वर्षांत आमच्या ग्रुपचे पेपर निघाले दोन, किस्से मात्र पोत्यानं! पेपर अडवायला रिव्ह्यूअर असतात. किश्शांना कोण अडवणार? साठत जातात.

काम तसं साधं. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत जायचं, ओतीव लोखंडात अल्ट्रासाउंड सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून आतल्या पोकळ्यांचं चित्र काढायचं. पोकळी एक असेल तर ठीक. जास्त असल्या की आवाज एकीवरून दुसरीवर आपटतो आणि चित्राचा चिवडा होतो. टीममध्ये आमचे सर, मी आणि फाउंड्रीचे जुने फोरमन आनंदामामा. डिग्र्या सगळ्या सरांकडं.

*

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर तीन पोकळ्या. कास्टिंग, म्हणजे तो ओतीव तुकडा, कापला, तर दोनच! सर शांतपणे म्हणाले, "तिसरं भूत आहे. आवाज दोघींत आपटला की असं खोटं चित्र उमटतं."

दुसऱ्या दिवशी मशीनला लिंबू-मिरची!

"तुमीच म्हणलासा की भूत हाय!" मामा म्हणाले.

त्या दिवशी चित्र अचूक आलं. सर त्यावर अजून बोलत नाहीत.

*

मग उलटं झालं. मशीन म्हणालं एक, निघाल्या दोन, एकमेकींना खेटून. सरांनी 'रिझोल्यूशन'वर अर्धा तास लेक्चर दिलं. मामांनी एक वाक्य टाकलं, "जोतिबाच्या वाटंवर एकामागं एक चाललेली दोन माणसं एकच दिसत्यात. जरा बाजूला सरकून बगा की!"

आवाज सोडणारा प्रोब बाजूला सरकवला. दोन दिसल्या! पेपरात या युक्तीला 'नवीन पद्धत' म्हटलंय. मामांचं नाव जागेअभावी राहिलं.

*

सरांच्या लाडक्या अल्गोरिदमला पोकळ्यांचा आकडा आधी द्यावा लागतो.

"किती हायत ते आपण सांगायचं?" मामांनी विचारलं.

"हो."

"आन कुठं हायत ते त्यो सांगणार?"

"बरोबर!"

"म्हंजे चोर किती, ते फौजदाराला आपणच सांगायचं व्हय!"

सर म्हणाले, "गणितात चालतं."

*

एकदा प्रोबखाली लावायची जेल संपली. मध्ये हवा राहिली तर आवाज लोखंडात शिरतच नाही. सर मागणीचा फॉर्म भरायला बसले. मामांनी जेवणाच्या डब्यातली काकवी ओतली. वर्षातलं सगळ्यात स्वच्छ चित्र! पेपरात लिहिलं, 'स्थानिक सेंद्रिय माध्यम'. मुंग्यांचा उल्लेख टाळला.

*

शेवटी मालकच वैतागले. मशीन ठेवायचं की मामांचे कान, एकदाचं ठरू दे म्हणाले आणि एक कास्टिंग टेबलावर ठेवलं. मशीन हरलं तर आमचा प्रोजेक्ट बंद. मामा हरले तर हातोडीनं ठोकून माल पारखायचं त्यांचं तीस वर्षांचं काम गेलं.

मामांनी दोन ठोके दिले, कान लावला. "तीन."

मशीननं दाखवल्या चार.

मी हळूच म्हणालो, "सर, आपणही तीनच सांगूया का?"

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "नको. चार दिसतात, चारच लिही."

कास्टिंग कापलं. चार!

सरांनी चक्क मला मिठी मारली. मालक मामांकडं बघायला लागले. मला तर मान वर करवेना.

मामा हातोडी पुसत म्हणाले, "चारच हायत. ठोकताच कळलं मला."

"मग तीन कशाला म्हणलासा?" मालक ओरडले.

"मशीन बी माझं ऐकून मान डोलावतंय का, ते बगत हुतो!"